गाण्याच्या फाईलचा हुकूम फोन का ऐकतो? जॉन फॉन नॉयमन आणि गाळलेला एक बिट

परवा रात्री साडेअकराला माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की नुसती ऑडिओ फाईल मेसेजमध्ये आली तरी फोन हॅक होऊ शकतो, ती उघडायचीही गरज नाही. त्याला वाटलं, ही नेहमीची घाबरवणारी फॉरवर्ड असेल. मी त्याला सांगितलं की बाबा, हे खरं आहे, असे दोष खरोखर सापडलेत. त्यावर त्याने जो प्रश्न विचारला तो फार बरोबर होता. गाणं म्हणजे शेवटी आकडेच ना? मग नुसते आकडे फोनला हुकूम कसे देतील?

बारावीतल्या मुलाने विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी प्रत्येक वेळी एकाच माणसापाशी येऊन पोहोचतो. तो माणूस १९५७ साली वारला. त्याने मोबाईल पाहिला नाही, एमपीथ्री ऐकली नाही. पण तुमच्या खिशातल्या फोनच्या मेमरीचा आराखडा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो.

जॉन फॉन नॉयमन. जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट, हंगेरी. घरचं नाव यानोश. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, १९१३ मध्ये त्यांना सरदारकीचा किताब मिळाला आणि नावात तो ‘फॉन’ आला. सहा वर्षांचा यानोश आठ आकडी संख्यांचे भागाकार तोंडी करायचा असं सांगतात. शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होता, ज्याला नंतर फिजिक्सचं नोबेल मिळालं. म्हणजे शाळा साधी नव्हती.

पुढचा भाग आपल्याकडच्या कुठल्याही घरात घडेल असा आहे. मुलाला गणित करायचं होतं आणि वडिलांचं म्हणणं होतं की गणितात पैसा नाही, इंजिनिअरिंग कर. मग पोराने दोन्ही केलं. झुरिकच्या नामांकित संस्थेतून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टमधून गणिताची डॉक्टरेट, दोन्ही १९२६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी. नंतर जर्मनी आणि १९३० पासून अमेरिकेतलं प्रिन्स्टन. तिथे इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी ही नवी संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या प्राध्यापकांत आइन्स्टाइन होते आणि एकोणतीस वर्षांचे नॉयमनही होते. ऑफिसात ते ग्रामोफोनवर जर्मन मार्चिंग म्युझिक एवढं मोठ्याने लावायचे की शेजारच्यांच्या तक्रारी यायच्या, आणि त्या शेजाऱ्यांत खुद्द आइन्स्टाइनही होते. आपला आजचा विषय ऑडिओचा आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

क्वांटम मेकॅनिक्सचं गणित, गेम थिअरी, हे सगळं मी इथे सोडून देतो. प्रत्येकावर वेगळा लेख होईल. आपल्याला जायचंय १९४४ च्या उन्हाळ्यात, मेरीलँडमधल्या ॲबर्डीन रेल्वे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर.

नॉयमन तेव्हा अणुबॉम्बच्या कामात होते. लॉस अलामोसमधले हिशेब माणसं आणि यांत्रिक कॅल्क्युलेटर मिळून करत होते आणि ते पुरं पडत नव्हतं. प्लॅटफॉर्मवर त्यांना हर्मन गोल्डस्टाइन हा लष्करी अधिकारी भेटला, जो स्वतः गणितज्ञ होता. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता गोल्डस्टाइनने सांगितलं की फिलाडेल्फियात एक इलेक्ट्रॉनिक मशीन तयार होतंय, सेकंदाला तीनशेहून जास्त गुणाकार करेल असं. झालं, गप्पांची तोंडी परीक्षा झाली. काही दिवसांतच नॉयमन ते मशीन बघायला हजर होते.

ते मशीन म्हणजे एनिॲक. प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉचली या दोघांनी ते डिझाइन केलं होतं. सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब, अख्खी खोली भरून. पण एक मोठी अडचण होती. एनिॲकला नवं काम सांगायचं म्हणजे शेकडो केबल एका ठिकाणच्या काढून दुसऱ्या ठिकाणी खुपसायच्या आणि स्विच फिरवत बसायचं. सहा तरुण मुलींची टीम हे काम करायची आणि त्यात दिवसच्या दिवस जायचे. हिशेब काही मिनिटांचा, तयारी काही दिवसांची!

त्यावरचा उपाय आज ऐकायला किरकोळ वाटतो. हुकूम केबलने द्यायचेच कशाला? हुकूमही आकड्यांत लिहा आणि जिथे हिशेबाचे आकडे ठेवता त्याच मेमरीत ठेवा. मशीन तिथून एकेक हुकूम उचलेल आणि पाळेल. काम बदलायचं असेल तर आकडे बदला. तुम्ही आज प्ले स्टोअरवरून ॲप डाऊनलोड करता, तेव्हा नेमकं हेच होतं. ॲप म्हणजे मेमरीत येऊन बसलेले आकडेच.

नॉयमन यांनी लॉस अलामोसमध्ये बसून हे सगळं हाताने लिहून काढलं आणि पानं पोस्टाने फिलाडेल्फियाला पाठवली. गोल्डस्टाइनने ती टाईप करून घेतली. ३० जून १९४५ ही तारीख असलेल्या त्या १०१ पानी कच्च्या रिपोर्टवर एकच नाव होतं: जॉन फॉन नॉयमन. एकर्ट आणि मॉचली यांचं नाव नव्हतं, आणि कल्पनेवर त्यांचाही हक्क होता. त्या मीटिंगांमध्ये ते बसलेले होते. रिपोर्टच्या प्रती वाटल्या गेल्या आणि कल्पना सगळ्यांची झाली. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन कोर्टाने एनिॲकचं पेटंट रद्द केलं, त्यामागच्या कारणांत हा रिपोर्टही होता. ‘फॉन नॉयमन आर्किटेक्चर’ हे नाव मला म्हणूनच जरा खटकतं. पण ते आता रूढ झालंय.

आता जरा लक्ष द्या, कारण आपल्या कामाची गोष्ट या रिपोर्टच्या शेवटाकडे आहे.

मेमरी म्हणजे एक लांबलचक चाळ समजा. प्रत्येक खोलीला नंबर. काही खोल्यांत सामान (म्हणजे डेटा), काही खोल्यांत वॉचमनसाठी लिहून ठेवलेल्या सूचना (म्हणजे हुकूम). दोन्ही आकड्यांतच लिहिलेलं, त्यामुळे बाहेरून बघून कळणार कसं की या खोलीत काय आहे? १९४५ च्या आराखड्यात नॉयमन यांनी याची सोय केली होती. प्रत्येक खोलीत ३२ बिट मावत होते आणि त्यातला पहिला बिट निव्वळ ओळखीसाठी राखून ठेवला होता. तो ० असेल तर आत संख्या आहे, १ असेल तर हुकूम आहे. इतकंच नव्हे, हुकमाच्या खोलीत कोणी संख्या लिहायला गेलं तर अख्खा हुकूम पुसला जायचा नाही, त्यातला फक्त पत्त्याचा भाग बदलायचा. दाराला कुलूप होतं, असंच म्हणा ना.

पत्ता तरी का बदलू द्यायचा, असं तुम्ही विचाराल. कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. शंभर संख्यांची बेरीज करायची तर हुकूम एकच, फक्त प्रत्येक वेळी पुढच्या खोलीतून संख्या उचलायची. म्हणजे प्रोग्रामने स्वतःच्याच हुकमातला पत्ता खोडून नवा लिहायचा. आज आपण ज्याला लूप म्हणतो, तो तेव्हा असा चालायचा.

मग १९४६ आलं. नॉयमन, गोल्डस्टाइन आणि आर्थर बर्क्स यांनी प्रिन्स्टनमध्ये बांधायच्या मशीनचा नवा आराखडा लिहिला. खोली आता ४० बिटांची झाली, एका खोलीत दोन हुकूम मावायला लागले. आणि तो ओळखीचा बिट? तो गळला. संख्या आणि हुकूम यांत आता काहीच फरक राहिला नाही. वॉचमन ज्या खोलीसमोर उभा राहील, तिथे जे लिहिलंय ते त्याच्यासाठी हुकूम.

हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. त्यांना आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हाचा एकेक बिट केवढा महाग होता ते बघा. प्रिन्स्टनचं मशीन १९५१-५२ मध्ये चालू झालं, त्याची मुख्य मेमरी होती १०२४ खोल्या, म्हणजे आजच्या भाषेत ५ केबी. त्यात तुमची दोन-तीन सेकंदांची व्हॉइस नोट जेमतेम मावेल. त्याच मेमरीत ज्युलियन बिगेलो या इंजिनिअरच्या टीमने हायड्रोजन बॉम्बचे हिशेब चालवून दाखवले. शिवाय मशीनच्या खोलीत येणारी प्रत्येक टेप ओळखीच्या माणसाने लिहिलेली असायची. नॉयमन यांची दुसरी पत्नी क्लारा स्वतः त्या काळातल्या पहिल्या प्रोग्रामरपैकी एक होती. १९४८ मध्ये एनिॲकला नव्या पद्धतीने चालवलं गेलं, तेव्हा त्यावरच्या मोठ्या हिशेबांचं कोडिंग तिने केलं होतं. चूक होऊ शकत होती, ट्यूब उडू शकत होती. पण मुद्दाम वाकडी टेप घेऊन कोण येणार होतं?

नॉयमन यांनी बिघाडाचा विचार केला नाही असं मुळीच नाही. बेभरवशाच्या पार्टांपासून भरवशाचं मशीन कसं बनवायचं यावर त्यांचा अख्खा पेपर आहे. स्वतःची कॉपी काढणाऱ्या मशीनचं गणितही त्यांनी मांडलं, आणि त्यालाच आज लोक कॉम्प्युटर व्हायरसचा पणजोबा म्हणतात. म्हणजे व्हायरसपर्यंत डोकं पोहोचलं होतं. फक्त ‘येणारा आकडाच शत्रूचा असेल’ ही शक्यता त्यांच्या आराखड्यात कुठे दिसत नाही.

आणि तो आराखडा जगभर गेला, कारण प्रिन्स्टनच्या टीमने त्याचे रिपोर्ट खुले ठेवले. लॉस अलामोस, इलिनॉय, इस्रायल, सगळीकडे त्याची भावंडं उभी राहिली. एक भावंड आपल्या मुंबईतही होतं बरं का! टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बांधलेला टिफ्रॅक, भारतात तयार झालेला सुरुवातीचा कॉम्प्युटर, प्रिन्स्टनच्याच आराखड्यावर बेतलेला होता. १९६० मध्ये तो रीतसर कामाला लागला. ४० बिटांच्या २०४८ खोल्या, २७०० व्हॅक्यूम ट्यूब. आणि अर्थातच संख्या आणि हुकूम एकाच मेमरीत.

आता परत मामेभावाच्या प्रश्नाकडे.

ऑडिओ फाईल दाबून छोटी केलेली असते. ती उलगडून आवाज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला डीकोडर म्हणतात. फाईलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की पुढे अमुक इतका डेटा आहे. डीकोडर त्याप्रमाणे चाळीत तेवढ्या खोल्या बुक करतो आणि सामान भरायला लागतो. समजा फाईल खोटं बोलली. बुकिंग तीन खोल्यांचं आणि सामान पाच खोल्यांचं. काळजीपूर्वक लिहिलेला डीकोडर तिथेच थांबेल. पण बरेच डीकोडर सी किंवा सी++ या भाषांत लिहिलेत आणि या भाषा स्वतःहून मोजत नाहीत. सामान शेजारच्या खोलीत घुसतं. शेजारी जर ‘हे काम झालं की पुढे कुठल्या खोलीत जायचं’ ही चिठ्ठी ठेवलेली असेल, तर ती चिठ्ठी आता हल्लेखोराने लिहिलेली असते.

कधी कधी बुकिंगचा हिशेबच चुकवला जातो. जुन्या स्कूटरचा मीटर आठवतो? ९९९९९ नंतर परत ००००० व्हायचा. कॉम्प्युटरमधल्या संख्येचंही तसंच आहे. लांबी एवढी मोठी सांगायची की बेरीज उलटून छोटी व्हावी. मग बुकिंग छोटं आणि सामान ट्रकभर. २०२५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो टीमला डॉल्बीच्या डीकोडरमध्ये सापडलेला दोष याच जातीचा होता. आणि इथेच ‘उघडायची गरज नाही’ ही भानगड येते. काही अँड्रॉइड फोनवर मेसेजमधून आलेला ऑडिओ लिखित रूपात दाखवायचा म्हणून फोन तो आपणहून डीकोड करतो. तुम्ही झोपलेले असता आणि डीकोडर कामाला लागलेला असतो.

ही काही एकच घटना नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या मीडिया लायब्ररीतले दोष बाहेर आले, तेव्हा नव्वद कोटींहून जास्त फोन धोक्यात असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नुसत्या एमपीथ्रीच्या प्रीव्ह्यूने चालणारा दोष सापडला. आणि ॲपलच्या एएलएसी फॉरमॅटची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त चीड आणते. ॲपलने त्याचा कोड २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, पुढे स्वतःच्या आवृत्तीत दुरुस्त्या करत राहिले, पण खुला कोड तसाच पडून राहिला. क्वालकॉम आणि मीडियाटेकने तोच उचलून आपल्या चिपसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. त्यातले दोष २०२१ मध्ये चेक पॉइंट कंपनीला सापडले, तोवर दहा वर्षं गेली होती.

मग तो गळलेला बिट असता तर हे झालंच नसतं का? मलाही आधी तसंच वाटायचं. खरं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये तशी खूण परत आलीये, फक्त एकेका खोलीऐवजी अख्ख्या मजल्यावर: या भागातलं काहीही हुकूम म्हणून चालवायचं नाही. त्यामुळे गाण्याच्या डेटात लपवलेला हुकूम थेट चालत नाही. पण हल्लेखोर मग फोनमधलेच जुने, खरे हुकूम तुकड्या-तुकड्याने जोडतो, सिनेमात पेपरातली अक्षरं कापून खंडणीची चिठ्ठी बनवतात तसं. त्यासाठी त्याला फक्त ‘पुढे कुठे जायचं’ हा पत्ता बदलावा लागतो, आणि पत्ता म्हणजे शेवटी एक संख्याच. १९४५ च्या कुलपातही पत्ता बदलायची फट होतीच, आठवतंय ना?

म्हणून आता खुणा आणखी बारीक झाल्यात. एआरएमच्या नव्या तंत्रात दर १६ बाइटच्या मेमरीला ४ बिटांची खूण असते आणि तीच खूण त्या जागेच्या पत्त्यालाही लावलेली असते. तीन खोल्यांची किल्ली घेऊन चौथीत शिरायला गेलं की किल्ली सहसा जुळतच नाही आणि ॲप बंद पडतं. २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये ही सोय आली, २०२५ मध्ये ॲपलनेही आयफोन १७ मध्ये याच धर्तीची सोय दिली. दुसरीकडे गूगल नवा कोड रस्टसारख्या भाषेत लिहू लागलं, जी स्वतःहून मोजते. गूगलच्याच आकड्यांनुसार अँड्रॉइडमधल्या एकूण सुरक्षा दोषांत मेमरीच्या दोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.

यातलं काहीच बघायला नॉयमन नव्हते. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी कॅन्सरचं निदान झालं. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हातून पदक घेताना ते व्हीलचेअरवर होते. शेवटचे महिने वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमध्ये गेले आणि तिथे त्यांच्या खोलीभोवती लष्कराचा बंदोबस्त होता. भीती अशी की औषधांच्या गुंगीत त्यांच्या तोंडून अणुबॉम्बची गुपितं बाहेर पडतील. ज्या माणसाच्या आठवणशक्तीचे किस्से सांगितले जायचे, त्याच्या मेमरीवरच पहारा बसला. ८ फेब्रुवारी १९५७ ला ते गेले. वय फक्त ५३. मेंदू आणि कॉम्प्युटर यांची तुलना करणारी त्यांची व्याख्यानं अर्धवट राहिली होती, ती पुढच्या वर्षी पुस्तकरूपात आली. प्रिन्स्टनचं मशीनही १९५८ मध्ये बंद झालं, ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

मामेभावाला हे सगळं सांगेपर्यंत साडेबारा वाजले होते. शेवटी त्याला सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ उघडायला लावलं आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख वाचायला सांगितली. (तुमच्या फोनवर ती ‘अँड्रॉइड व्हर्जन’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’वर टॅप केल्यावर दिसेल.) तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली. कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलंय. मेसेज ॲपमध्ये मीडिया आपोआप डाऊनलोड होणं बंद कर आणि जमेल तितक्या लवकर अपडेट मिळणारा फोन घे, एवढंच मी सांगू शकलो. आता मामाला नव्या फोनसाठी पटवायचंय, आणि ते काम त्याने माझ्यावर टाकलंय.